अग्रपूजा

आयुष्यात माझा पहिला नंबर एकदाच आला. १९७४ साली, रॉकेलच्या रांगेत. पहाटे साडेचारला जाऊन डबा ठेवला होता. नऊ वाजता दुकानदाराने फळ्या काढल्या, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि ‘आज गाडी आलेली नाही’ ही बातमी सर्वांच्या आधी मला सांगितली. पहिल्या नंबराचा एवढाच काय तो लाभ माझ्या खात्यावर जमा आहे.

तरीही पहिल्या नंबराची हौस काही सुटत नाही. आणि ती माझ्या एकट्याची आहे असंही नाही. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात अग्रपूजेचा मान कुणाचा, एवढ्या एका प्रश्नावरून भर सभेत शिशुपालाचं डोकं उडालं. भीष्मांनी श्रीकृष्णाचं नाव सुचवलं, त्यात शिशुपालाचं काय जात होतं? पण नाही. आपला नंबर न आल्याचं दुःख माणूस एक वेळ गिळतो. दुसऱ्याचा आलेला पाहवत नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचा पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरलेलं आहे म्हणून बरं. नाहीतर दर अनंत चतुर्दशीला एक राजसूय यज्ञ झाला असता.

हे पुराण लावायचं कारण असं, की गेली वीस वर्षं अस्मादिकही एका अग्रपूजेच्या मागे आहेत.

माझी हयात गेली कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. मोडीतले रुमाल सोडायचे, हवा तो कागद हुडकायचा, वाचून द्यायचा, रुमाल पुन्हा बांधायचा. २००४ साली निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात सांगितलं, की आता या कचेरीत मोडी वाचणारं कुणी उरलेलं नाही. यावर टाळ्या पडल्या. त्या कशाला पडल्या, हे मला अजून उलगडलेलं नाही.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनात राहिलं. गावोगाव लोकांच्या पेट्यांतून, देव्हाऱ्यांतून मोडी कागद पडलेले. पणजोबांनी काय लिहून ठेवलंय हे पणतवाला कळायला मार्ग नाही. आमचा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, “मामा, साइट काढा. मोडी वाचायला शिकवा. जगभरातले लोक येतील.”

काढली. मोडीत आधी शिरोरेघ कशी मारतात आणि मग अक्षरं तिला कशी लोंबतात, ऱ्हस्व-दीर्घ कसं पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा कशी सोडत नाहीत, सगळं लिहिलं. जगभरातले लोक यावेत म्हणून संध्याकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलो. तीन महिन्यांत तीन लोक आले. एक मी, एक भाचा, आणि तिसरी आमची ही, विजेचं बिल किती येतंय ते विचारायला.

“अहो मामा,” भाचा म्हणाला, “सर्च इंजिनमध्ये तुमचा नंबर खाली आहे.”

“कितवा?”

“तो मोजायला आणखी थोडा वेळ लागेल.”

आता रेकॉर्ड रूममधल्या माणसाचं एक असतं. मूळ कागद पाहिल्याशिवाय त्याला झोप येत नाही. हे नंबर कोण लावतं, कधीपासून लावतं, कोणत्या नियमाने लावतं, याचा मी पहिल्यापासून तपास सुरू केला. तो करता करता असं दिसलं, की ही सगळी बखर एका ओळीत मावण्यासारखी आहे: तराजू धरणारा एक, आणि पारड्यावर अंगठा ठेवणारे बाकी सगळे.

मूळ पुरुष ‘आर्ची’. १९९० साली, कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज या बार्बाडोसच्या विद्यार्थ्याने तो तयार केला. त्याला फक्त फायलींची नावं शोधता येत. फायलीच्या आत काय आहे, याच्याशी कर्तव्य नाही. आमच्या कचेरीतले निम्मे कारकून याच पद्धतीने काम करत, त्यामुळे मला हा गृहस्थ पहिल्या भेटीतच आपला वाटला.

मग १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या साइट्सची यादी केली. तिचं पुढे ‘याहू’ झालं. माणसं साइट बघत, तिला योग्य त्या खणात टाकत, आणि खणाच्या आत नावं वर्णानुक्रमाने लावत. झालं! हजेरीपटावर पहिलं यायचं तर आडनाव ‘अ’वरून असावं लागतं, हे जगाच्या लक्षात आलं आणि जो तो आपल्या साइटच्या नावाआधी ‘ए’ लावू लागला, आकडे लावू लागला. आपल्याकडे टेलरपासून लाँड्रीपर्यंत सगळे ‘ए-वन’ का असतात, याचं उत्तर टेलिफोन डिरेक्टरीत आहे, तसंच हे. अंगठा पारड्यावर पडला तो असा. याहूची ती यादी डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली. अंगठा अजून आहे.

१९९५च्या डिसेंबरात ‘अल्टाव्हिस्टा’ आलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीचं. हे यंत्र पानांच्या आतला शब्द न् शब्द वाचून ठेवी. तुम्ही ‘मोटार’ विचारलंत, की ज्या पानात ‘मोटार’ ठळक आणि पुष्कळदा, ते पान वर येण्याचा संभव जास्त. मग काय विचारता! लोकांनी पानाच्या तळाशी ‘मोटार मोटार मोटार’ असा जपच लावला. वाचणाऱ्याला तो खुपू नये म्हणून पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने. माणसाला दिसायचं नाही, यंत्राला दिसायचं. आमची आत्या रामनामाच्या वह्या लिहीत असे; पण तिची शाई निळी होती आणि हेतू स्वच्छ होता.

ही युक्ती मला २००५ साली कळली, म्हणजे ती जुनी होऊन सात-आठ वर्षं झाल्यावर. पानाच्या तळाशी मी इंग्रजी अक्षरांत तीनशे वेळा ‘मोडी’ लिहिलं, पांढऱ्यावर पांढरं. कुणाला कळलं नसतं. पण आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना वाचताना माऊस ओळींवरून फिरवायची खोड आहे. शाळेत ओळींवरून छडी फिरवत, तशी. माझी साइट बघता बघता ते तळाशी आले आणि पांढऱ्या कागदातून निळ्या पट्टीवर ‘मोडी मोडी मोडी’ अशी सबंध फौज उभी राहिली.

“हे काय आहे?” मास्तर म्हणाले.

“तळटीप,” मी म्हणालो.

मास्तर काही बोलले नाहीत. पण गाइड बघून पेपर लिहिणाऱ्या मुलाकडे ते ज्या नजरेने बघत असतील, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच रात्री मी तीनशेच्या तीनशे मोडी पुसल्या.

त्यातही खरी गंमत पुढेच कळली. माझी साइट त्या काळातल्या रीतीप्रमाणे एका मराठी फाँटात टाइप केलेली होती. तेव्हा प्रत्येक फाँटाचं आपलं वेगळं घराणं. पडद्यावर आपल्याला शुद्ध देवनागरी दिसे, पण पोटात असत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. यंत्र ते पोट वाचायचं आणि त्याला निव्वळ काला दिसायचा. म्हणजे ‘मोडी वाचायला शिका’ हे माझं पान यंत्राच्या लेखी मोडीतच लिहिलेलं होतं, आणि मोडी शिकवणारा त्याला भेटलेला नव्हता! २००८ साली भाच्याने सुटीत येऊन सगळं युनिकोडमध्ये आणलं. तोवरची चार वर्षं मोडीत निघाली, असंच म्हणायचं.

आता मुख्य पात्राचा प्रवेश. १९९६ साली स्टॅनफर्डमध्येच लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोघांनी एक शोधयंत्र रचायला घेतलं. त्याचं पहिलं नाव ‘बॅकरब’, म्हणजे सरळ मराठीत पाठ चोळणं. पुढे सप्टेंबर १९९८ मध्ये त्याची ‘गूगल’ नावाने कंपनी झाली. यांची कल्पना अशी, की पान स्वतःबद्दल काय सांगतं त्यापेक्षा बाकीची पानं त्याच्याबद्दल काय सांगतात ते बघावं. एका पानाने दुसऱ्याची लिंक दिली, की ती एक शिफारस.

ही कल्पना कळायला स्टॅनफर्डला जावं लागत नाही. स्थळाची चौकशी करताना आपण हेच करतो. मुलगा निर्व्यसनी आहे असं मुलाचे वडील सांगतात, त्याला कोण विचारतो? शेजारी चौकशी करायची, ऑफिसात करायची. त्यातही सांगणारा कोण हे बघायचं. सांगणाऱ्याबद्दल चार प्रतिष्ठित माणसं चांगलं बोलत असतील तर त्याच्या शब्दाला वजन. आणि जो काका पन्नास मुलांबद्दल ‘हिरा आहे हो, हिरा!’ म्हणतो, त्याचं वजन पन्नास ठिकाणी वाटलं जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला गुंजभर येतं. पेजरँकचं गणित ते हेच. विद्वानांच्या जगातही हा रिवाज जुना होता. कुणाच्या निबंधाचा उल्लेख कुणी केला, याची सूचीच युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून काढायला सुरुवात केली होती. पेजरँकवरच्या निबंधावर जे चौघे लेखक आहेत त्यांत जम्मूत जन्मलेले प्राध्यापक राजीव मोटवानी आहेत. आणि २००० साली गूगलमध्ये गेलेल्या, झाशीत जन्मलेल्या अमित सिंघल यांनी पुढच्याच वर्षी नंबर लावायची ती सगळी रीत नव्याने लिहून काढली. तेव्हा माझा नंबर खाली लागण्यात आपल्या माणसांचाही हातभार आहे, हे अभिमानाने नमूद करतो.

तराजू बदलला तसा अंगठाही बदलला. लिंकांना वजन आहे म्हटल्यावर लिंकांची देवघेव सुरू झाली. लग्नातल्या आहेराप्रमाणे. तुम्ही स्टीलचा डबा दिलात, आम्ही स्टीलचा डबा दिला. मीही मागे राहिलो नाही. हेडमास्तरांनी स्वतःच्या कवितांची साइट काढली होती. त्यांची लिंक मी दिली, माझी त्यांनी. शिवाय आमच्या मावसभावाचं मंगल कार्यालय आणि एका मित्राचा गांडूळखताचा प्रकल्प. असे आम्ही चौघे एकमेकांची पाठ चोळत बसलो. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर चित्र असं, की गांडूळखतवाले मोडी लिपीची ग्वाही देताहेत आणि मोडीवाले बुंदीच्या लाडवांची. त्याने जे ठरवायचं ते ठरवलं.

पण या अंगठ्याचे पराक्रम थोरामोठ्यांच्या घरीही कमी नाहीत. २००३च्या अखेरीस अमेरिकेतल्या काही टवाळांनी ‘केविलवाणं अपयश’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आपापल्या पानांवर लिहून त्यांची लिंक थेट राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सरकारी चरित्राला जोडली. ते दोन शब्द शोधले, की पहिल्या नंबरावर राष्ट्राध्यक्ष! गूगलने यावर यंत्रातच इलाज केला तो २००७च्या जानेवारीत. २००६ साली बीएमडब्ल्यू या बड्या मोटार कंपनीची जर्मन साइट यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं दाखवते, म्हणून गूगलने यादीतून काढून टाकली. सुधारणा केल्यावर काही दिवसांनी परत घेतली. आणि २०११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, की जे. सी. पेनी ही दुकानांची साखळी कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत सगळ्यात पहिली येते, कारण जगभरच्या भलत्यासलत्या साइटांवर तिच्या लिंका पेरलेल्या आहेत. कंपनी म्हणाली, आम्हांला काही ठाऊक नव्हतं. आणि नंबर वाढवायला नेमलेल्या मंडळींना तिने काढून टाकलं. कारकुनाला सस्पेंड करून साहेब मोकळा, ही प्रथा सातासमुद्रापलीकडेही आहे हे वाचून मला परकेपणा वाटेनासा झाला.

मधल्या काळात माझ्या घरी दिवाळी झाली ती सांगायची राहिली. २००९ सालच्या डिसेंबरातली एक सकाळ. नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर लावला, शोधलं, आणि पहिल्या पानावर पहिला नंबर: मी! चष्मा पुसून पाहिलं. मीच. खाली उतरून पेढे आणले. शेजारीपाजारी वाटले. मास्तरांना तर दोन दिले, त्या तीनशे मोडींचं उट्टं म्हणून. मास्तरांनी पेढे तोंडात टाकले, आपला कॉम्प्युटर लावला आणि शोधत शोधत चौथ्या पानावर येऊन थांबले.

“इथे आहात तुम्ही,” ते म्हणाले. “पण पेढे ताजे आहेत.”

झालं होतं असं. त्याच महिन्यापासून गूगल ज्याचे त्याला निकाल देऊ लागलं होतं. तुम्ही एरवी काय उघडता ते लक्षात ठेवून तेच वर आणायचं. मी दिवसातून दहा वेळा माझीच साइट उघडत होतो. यंत्राला वाटलं, या म्हाताऱ्याला हेच आवडतं, देऊन टाका. जगातल्या फक्त एका कॉम्प्युटरवर माझा पहिला नंबर होता आणि तो कॉम्प्युटर माझा होता. आरशापुढे उभं राहून ‘वर्गात पहिला कोण?’ विचारण्यातला प्रकार. त्याआधी तीन महिने गूगलने आणखी एक गोष्ट जाहीर केली होती. पानाच्या पोटात महत्त्वाचे शब्द भरून ठेवायला एक खण असतो, तो आम्ही नंबरासाठी मुळी बघतच नाही. माझ्या खणात दोनशे बारा शब्द होते. भाच्याला विचारून विचारून, चार वर्षं खपून भरलेले.

पेढ्यांच्या प्रकरणाने माणसाने शहाणं व्हावं. मी ईर्ष्येला पेटलो. पेन्शनीतून आठ हजार रुपये काढून एका फर्मला दिले. ‘तीन महिन्यांत पहिलं पान’ अशी त्यांची हमी होती. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांना आणखी एक लिंक मिळायची. आणि खरोखरच २०११ च्या शेवटी मी दुसऱ्या पानावर आलो. मी हिला म्हटलं, “बघ, पैसा टाकला की काम होतं.” ही म्हणाली, “रेशन ऑफिसात पण तुम्ही असंच म्हणाला होतात.”

२०१२च्या एप्रिलात गूगलने एक नवा नियम लावला. नाव पेंग्विन. त्याआधीच्या वर्षी पांडा येऊन गेला होता. पांडा हे तिथल्या एका इंजिनिअरचं आडनाव, पण जगाने अस्वलच समजून घेतलं. पांडाने पोकळ मजकुराची पानं झोडली; अमेरिकेतल्या शंभरातल्या बारा शोधांचे निकाल हलले. पेंग्विनने विकतच्या लिंका झोडल्या. त्याचा परिणाम इंग्रजीतल्या शंभरातल्या तीन शोधांवर झाला, असं सांगण्यात आलं. मराठीत शंभरातले किती ते मला ठाऊक नाही; मला एकच ठाऊक होता आणि तो मी. सकाळी उठून बघतो तर मी नाही. दुसऱ्या पानावर नाही, विसाव्यावर नाही. भाच्याने पुण्याहून तपास केला, तेव्हा कळलं की माझ्या मोडीची शिफारस परदेशातले जुगाराचे अड्डे, वजन घटवायच्या गोळ्या आणि केसांचे टोप विकणारे करत होते. स्थळाच्या चौकशीला आलेल्याला मटक्याच्या अड्ड्यावर पाठवल्यासारखं झालं ते. फर्मला फोन लावला. तो लागला नाही. त्यावर्षी ऑक्टोबरात गूगलने ‘या लिंका आमच्या नव्हेत’ असं लिहून द्यायची सोय केली. मी बसून चारशे अकरा लिंका नाकारल्या. सरकारी नोकरीत सदतीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही. आणि म्हातारपणी हे प्रतिज्ञापत्र.

इतकं होऊनही सावरलो असतो, पण २०१४ साल उजाडलं. त्या वर्षी दोन घटना घडल्या. जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला अधिकृत जागा मिळाली. शतकानुशतकांच्या लिपीचा हा केवढा सन्मान! पण त्याआधी तीनच आठवडे, २६ मे रोजी, श्री. नरेंद्र मोदी पंतप्रधान झाले होते. आणि इंग्रजी अक्षरांत मोडी आणि मोदी यांचं स्पेलिंग एकच आहे. आता ‘मोडी स्क्रिप्ट’ असं इंग्रजीत कुणी शोधलं, तर त्याला लिपी हवी की पंतप्रधानांच्या भाषणाची संहिता, हे यंत्राने कसं ओळखावं? माझी स्पर्धा थेट पंतप्रधान कार्यालयाशी सुरू झाली. एका गृहस्थांनी तर गॅस सिलिंडर वेळेवर येत नसल्याची तक्रार माझ्या साइटवर पाठवली. जुन्या सवयीने मी तिला आवक क्रमांक दिला आणि ‘योग्य त्या कार्यालयाशी संपर्क साधावा’ असं उत्तर धाडलं.

तेव्हा मात्र मी नाद सोडला. एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवर नीट दिसणाऱ्या साइटांना मोबाइलवरच्या शोधात वर चढवायचं ठरलं, म्हणून भाच्याने पान तेवढं लहान पडद्याचं करून दिलं. बाकी मी नंबर बघणं बंद केलं. वेळ उरला, तेव्हा लोकांच्या प्रश्नांना उत्तरं लिहू लागलो. कुणी कागदाचा फोटो पाठवी, मी तो ओळ ओळ लावून देई आणि कुठे अडखळलो, कसा सुटलो, ते पानावर मांडी. वाचणारे थोडे होते, पण शेवटपर्यंत वाचत.

२०१७च्या पावसाळ्यात एक बाई दारात आल्या. पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या एका वाडीच्या. साठीच्या पुढच्या. छत्री दाराशी ठेवली आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. त्यांच्या घराला गावात ‘बुडव्याचं घर’ म्हणतात. त्यांच्या आजेसासऱ्यांनी सावकाराचे पैसे बुडवले, अशी शंभर वर्षांची वदंता. नातवाला शाळेत ‘बुडव्या’ म्हणून चिडवलं, तो रडत घरी आला, तेव्हा यांनी देव्हाऱ्यातला कागद काढला. पिढ्यान् पिढ्या त्याला हळदकुंकू वाहत होते. त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी भिंग घेऊन बसलो. शके १८३२. हळदीच्या डागांखाली दोन ओळी गेलेल्या, पण बाकीचा मजकूर स्वच्छ. मुद्दल एकशे चाळीस रुपये, व्याजासुद्धा पावले, येणे काही राहिले नाही. खाली सावकाराची सही.

बाई म्हणाल्या, “पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं आणि मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “आता जरा मोठ्यानं लिहून द्या. शाळेत दावते.”

जाताना मी सहज विचारलं, कारण इतक्या वर्षांची खोड मरत नाही. “माझी साइट कितव्या पानावर सापडली तुम्हांला?”

“कसली साईट?” बाई म्हणाल्या. “आमच्या वाडीत रेंज न्हाई. तलाठी कचेरीतल्या एका पोरानं चिठ्ठी दिली.”

चिठ्ठी मी मागून घेतली. त्यावर माझं नाव, पत्ता आणि खाली एक ओळ: ‘हे नीट वाचून देतात. पैसे घेत नाहीत.’ त्या कारकुनाला मी ओळखत नाही. पुढे कळलं, की त्याने कधीतरी माझ्या साइटवरची अक्षरांची ओळख छापून आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

स्टॅनफर्डमधल्या त्या दोघांनी यंत्राला शिकवायला घेतलं होतं ते हेच. ज्याला बदल्यात काही मिळायचं नाही, अशा माणसाने लिहून दिलेली चिठ्ठी. मी जन्मभर चिठ्ठ्या वाचल्या, आणि ही एक ओळखायला मला आठ हजार रुपये आणि तेरा वर्षं लागली.

बाईंची सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने ती हकीकत शाळेच्या साइटवर लिहिली, खाली माझी लिंक दिली. ती वाचून आणखी कुणी दिली. कुठल्याशा इतिहासप्रेमी मंडळाने दिली. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला मागितली नाही. २०१९ मध्ये भाच्याचा फोन आला: “मामा, पहिलं पान! चौथा नंबर!” मी तेव्हा एका गहाणखतात गुंतलो होतो. “असू दे,” म्हणालो. पेढे आणले नाहीत. मास्तरांना मधुमेह झाला होता.

तराजूही अजून बदलतोच आहे. साइटी तपासणाऱ्यांसाठी गूगलची एक पुस्तिका असते, तीत डिसेंबर २०२२ पासून लिहिणाऱ्याचा ‘अनुभव’ बघा असं घातलंय. ज्येष्ठ नागरिकांसाठी उशिरा का होईना, एक सवलत आली. मग २०२४ साली, मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टात आपल्याकडे इंग्रजी-हिंदीत, यंत्र स्वतःच वर उत्तर लिहून देऊ लागलं. नंबर सगळे त्याच्या खाली. भाच्याने मला ते दाखवलं. मोडीबद्दल इंग्रजीत छान चार ओळी होत्या. त्यांतल्या दोन मला ओळखीच्या वाटल्या. म्हणजे अग्रपूजा आता पुजाऱ्यानेच स्वतःची करून घ्यायला सुरुवात केली आहे. शिशुपालाला हे सुचलं असतं तर त्याचं डोकं वाचलं असतं.

परवा हिने चहा आणून ठेवला आणि कितीतरी वर्षांनी विचारलं, “काय हो, हल्ली नंबर कितवा?”

“सहावा-सातवा असेल,” मी म्हटलं. “जरा दिवा इकडे सरकव. कोरेगावहून कागद आलाय, आणि हा काय लिहितोय बेटा, तेच लागत नाहीये.”